उजवी माझी, डावी त्याची

गेली काही वर्षं माझी बायको गावातल्या दुसऱ्या सर्जनच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जाते आणि घरी येऊन त्याचं कौतुक करते. संपादकांनी "सर्जन म्हणून आलेले अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा त्यांना एखादा थरारक प्रसंग हवा असणार. मी आठवायला बसलो तर हा हेवाच वर आला. इतकी माणसं चिरली, शिवली, धडधाकट घरी पाठवली, आणि लिहायला बसल्यावर सुचतंय काय, तर दुसऱ्याचं बरं चाललंय म्हणून माझा झालेला जळफळाट. असो. जे आहे ते लिहितो.

मी अंबडचा सर्जन. माझी बायको सुलभा भूलतज्ज्ञ आहे. आमच्यासारख्या गावात प्रत्येक दवाखान्याला स्वतःचा भूलतज्ज्ञ परवडत नाही. त्यामुळे सुलभा आपली बॅग घेऊन सगळ्यांकडे जाते, जिथे बोलावणं येईल तिथे. दुसरा सर्जन म्हणजे डॉ. सिद्धार्थ, वडीगोद्रीच्या एका गुरुजींचा मुलगा. शाळेत असताना त्याचं अपेंडिक्स मीच काढलं होतं. म्हणजे त्याच्या पोटावर माझी चीर आहे, आणि "सरांमुळेच मी सर्जन झालो" असं तो चारचौघांत सांगतो. त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलायचीही सोय राहिलेली नाही.

सिद्धार्थ शिकून आला तो दुर्बीण घेऊनच. भांडण आहे ते जांघेतल्या हर्नियावरून. ते समजण्यापुरतं थोडं सांगतो.

माणसाच्या पोटाची भिंत जांघेपाशी जरा कच्ची असते. वजन उचललं, जुनाट खोकला असला, लघवीला जोर करावा लागला, की तिथून आतडं डोकावायला लागतं. उभं राहिलं की फुगवटा, आडवं झालं की गायब. गोळ्यांनी तो जात नाही, पट्टा बांधला तर नुसता दडून बसतो. भिंतीला जाळी लावून ती जागा पक्की करायची, एवढाच इलाज. टायरला चीर गेली की ट्यूब फुगून बाहेर येते आणि पंक्चरवाला टायरच्या आतून गेटर, म्हणजे रबराचा जाड तुकडा, लावतो, तसं सिद्धार्थचं काम. बेंबीपाशी एक भोक, खाली दोन बारीक भोकं, आत वायू भरून जागा करायची, दुर्बीण घालायची आणि पडद्यावर बघत भिंतीच्या आतल्या बाजूनं जाळी पसरायची. मी जांघेत चार बोटं चीर घेतो, एकेक थर उघडत खाली जातो आणि जाळी बाहेरून शिवतो.

त्याच्या पद्धतीत दुखतं कमी, माणूस लवकर कामाला लागतो, आणि दोन्ही बाजूंचे हर्निये त्याच भोकांतून होतात. पण पूर्ण भूल लागते, खर्च जास्त, आणि हात बसायला वर्षं जातात. माझ्या पद्धतीत तेवढीच जागा बधिर केली तरी भागतं, पेशंट जागा राहून माझ्याशी गप्पा मारू शकतो. हर्निया उलटण्याचं म्हणाल, तर चांगल्या हातात दोन्हीकडे जवळपास सारखंच. हे वाक्य मी प्रत्येक पेशंटला ठासून सांगायचो. पेशंट मान हलवायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि उठताना विचारायचा, "मंग ते बिनटाक्याचं कुठं होतं म्हन्ले?"

बिनटाक्याचं! भोकांनाही टाके लागतात. पण ते सांगितलं की मी जळतोय असं दिसतं, आणि मी जळतच होतो.

वडीगोद्रीला हायवेवर बाबूरावांचं हॉटेल आहे. त्यांची उजवी बाजू मी खूप वर्षांपूर्वी केली होती. काम असं झालं होतं की बाबूराव पुन्हा कधी त्या तक्रारीसाठी माझ्याकडे फिरकले नाहीत. मग त्यांची डावी बाजू उतरली आणि ते गेले सिद्धार्थकडे. गेले ते गेले. पण बरे झाल्यावर मुद्दाम माझ्या दवाखान्यात आले, दार लोटून घेतलं, सदरा वर केला आणि लेंगा जरा खाली सरकवला.

"साहेब, ही उजवी तुमची. आन् ही डावी त्या पोराची. बगा, हाय का काही दिसायला?"

मी बघितलं. माझी चीर जांघेत चांगली ठसठशीत होती. त्याची भोकं शोधायला मला चष्मा लावावा लागला.

"तुमच्या टायमाला मी लई दिस कमरंत वाकून चालत व्हतो," बाबूराव म्हणाले. "ह्या बारीला घरी आल्तो, आंघोळ केली, आन् जल्दीच गल्ल्यावर बसलो. बिलकुल दुखलं न्हाई."

"पण उजवी बाजू इतकी वर्षं टिकली ना, बाबूराव?"

"टिकली की! न्हाई कोन म्हन्तंय? तुमचं काम बराबरच हाय. पर आता जमाना बदलून राह्यला, साहेब."

एवढ्यावर थांबले असते तरी मी सोडून दिलं असतं. पण बाबूराव माणूस हौशी. हॉटेलात ओळखीचं गिऱ्हाईक आलं, की चहा येईपर्यंत ते सदरा वर करून दोन्ही बाजू दाखवायला लागले. ही जुनी पद्धत, ही नवी पद्धत. अख्ख्या जिल्ह्यात दोन्ही ऑपरेशनांची तुलना एकाच अंगावर बघायची सोय त्यांच्याकडे होती आणि ती फुकट होती. मी अंबडहून बीडकडे जाताना नेहमी तिथे चहाला थांबायचो. ते बंद केलं. आता थर्मास घेऊन जातो, आणि सुलभा विचारते, "हायवेवर चहा मिळत नाही का हो?"

सिद्धार्थच्या पद्धतीचा तोटा मला पहिल्यांदा दिसला तो किसनरावांमुळे. किसनराव जवळच्याच खेड्यातले शेतकरी. आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला भावकी येते तेव्हा टाके बघायची पद्धत आहे. धोतर सारून टाके बघायचे, "लई मोठं केलं रं" असं म्हणायचं आणि मग चहा घ्यायचा. किसनरावांकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. चुलतभावानं भोकं बघून निकाल दिला, "काहीच केलं न्हाई. नुस्ती हवा भरून सोडलं." आणि काहीच केलेलं नसेल तर मग कापसाच्या गाठोड्यांना हात लावायला काय हरकत आहे, असाही विषय निघाला.

किसनराव थेट माझ्याकडे आले. सोबत चुलतभाऊ.

"साहेब, तुमी मोठे डाक्टर. आत काही केलंय का न्हाई, तेवढं बगून सांगा. तुमी म्हन्ताल ते खरं."

मी त्यांना तपासलं. वाचकहो, त्या वेळी माझ्या हातात काय होतं ते लक्षात घ्या. मला खोटं बोलायची गरजच नव्हती. मी नुसती भुवई वर केली असती आणि "हं" म्हटलं असतं, तर तो "हं" संध्याकाळपर्यंत दहा गावांत पोचला असता. फार मोह झाला. पण काम उत्तम झालं होतं, आणि उत्तम कामाकडे बघून "हं" म्हणणं मला जमत नाही.

"केलंय," मी म्हणालो. मग थोडं थांबून, "चांगलं केलंय." आणि चुलतभावाला दम दिला की यांनी सध्या गाठोडी उचलायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुलभा सिद्धार्थकडून आली ती हसतच. "अहो, सिद्धार्थ तुमचे पाय धरायचा बाकी आहे. सर म्हणाले म्हणून किसनरावांची भावकी गप्प बसली. आता त्याच गावातून आणखी दोघं आलेत त्याच्याकडे."

सुलभा हे सहज बोलून जाते. तिला वाटतं मलाही त्यात आनंद आहे. जेवताना सुरू होतं, "पडद्यावर काय स्वच्छ दिसतं हो! रक्ताचा थेंब नाही. भिंत, भोक, नसा, सगळं ओळीनं समोर."

"माझ्याकडे दिसत नाही?"

"तुमच्याकडे मला तुमची पाठ दिसते."

ती खोटं बोलत नव्हती. पेशंटच्या डोक्याशी बसणाऱ्याला माझ्या ऑपरेशनात माझा वाकलेला खांदा आणि पाठ एवढंच दिसतं. पण आयुष्यभर मी जे करत आलो ते माझ्या बायकोनं नीट कधी बघितलेलंच नाही, आणि त्याचं मात्र रोज पडद्यावर बघते, ही गोष्ट मला भारी लागली. नवरा म्हणूनही लागली.

तरी एक जागा माझी होती. ज्यांचं हृदय कमकुवत आहे, छाती खराब आहे, पूर्ण भूल सोसणार नाही, अशा पेशंटचं ऑपरेशन दुर्बिणीनं करता येत नाही. सिद्धार्थचं सगळं शिक्षण दुर्बिणीवर झालेलं. तेवढी जागा बधिर करून, पेशंटला जागं ठेवून, चीर घेऊन करायचं ऑपरेशन त्यानं कधी हातात घेतलं नव्हतं. असा पेशंट आला की तो मला फोन करायचा, "सर, हा पेशंट तुमचा." त्या फोनची मी वाट बघायचो. तो आला की दिवस चांगला जायचा. माझ्या कामातलं तेवढंच आता एकट्या माझं उरलं होतं, आणि ते जाईपर्यंत तरी मी या गावात कोणीतरी होतो.

मागच्या वर्षी मला हार्ट अटॅक आला. वाचलो, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं. पुढे थंडीत खोकला झाला, रेंगाळला, आणि एके दिवशी आंघोळ करताना जांघेत फुगवटा दिसला. उजव्या बाजूला. दुसऱ्या कोणाला दाखवायची गरज नव्हती.

आता जे लिहितो ते सुलभाही पहिल्यांदाच वाचेल. फुगवटा बघितल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की दुर्बिणीनं करून घ्यावं. वर्षानुवर्षं चिरीची वकिली केली, पण चीर माझ्या जांघेत पडायची म्हटल्यावर मला भोकं हवीशी वाटली. बाबूरावांची डावी बाजू डोळ्यांपुढे आली.

दुपारी सुलभाला न सांगता सिद्धार्थकडे गेलो. त्यानं खुर्चीवरून उठून नमस्कार केला, तपासलं, हात धुतले आणि बराच वेळ पुसत राहिला.

"सर, तुमच्या हृदयाचे रिपोर्ट मी बघितलेत. पूर्ण भूल नको. मी तयार झालो तरी मॅडम द्यायच्या नाहीत."

"मग?"

मग सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "सर, हा पेशंट तुमचा."

दोघंही हसलो. तो जरा जास्त हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "सर, तुम्ही सांगत जा, मी करतो. जागेवरची भूल देऊन करायचं, तुम्ही जागे असणारच. मला शिकायचंच आहे."

"बघू," म्हणून मी घरी आलो.

बघायचं काय होतं? तो शिकला की फोन बंद. माझं स्वतःचं पोट त्याला सरावाला द्यायचं आणि वर उरलेली जागाही देऊन टाकायची, एवढा उदार मी नाही. सुलभाला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "संभाजीनगरला जाऊन करून घेतो."

"तिथेही कोणीतरी तरुणच करणार."

"तिथला तरुण शिकून अंबडला दवाखाना थाटणार नाही."

सुलभानं माझ्याकडे बघितलं. "असं आहे होय? म्हणजे हर्निया जांघेत, आणि दुखतंय भलतीकडेच."

मी संभाजीनगरची वेळ ठरवून टाकली.

ती वेळ आलीच नाही. त्याआधी जांब समर्थला एका नातेवाइकाकडे बारशाला गेलो होतो. पंगतीतून उठलो आणि जांघेत अशी कळ आली की भिंत धरून तसाच उभा राहिलो. फुगवटा दगडासारखा झाला होता, आत जाईना. आतडं अडकलं होतं. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काय होतं, हे मी पेशंटच्या शेकडो नातेवाइकांना समजावून सांगितलेलं आहे. आता ते मलाच आठवत होतं.

आतल्या खोलीत सतरंजीवर आडवा झालो, कमरेखाली उशी घेतली आणि स्वतःच दाबून बघितलं. जमेना. स्वतःचं पोट स्वतःला ढिलं सोडता येत नाही. सुलभानं एक प्रयत्न केला आणि तोवर सिद्धार्थला फोनही लावला. तो हातातलं काम टाकून गाडी पळवत आला. बारशाची बायामंडळी दारात उभी होती.

"सर, माझ्याशी भांडू नका. तोंडानं श्वास सोडा."

त्यानं एका हातानं मुळाशी आधार दिला आणि दुसऱ्या हातानं हलकं, सलग दाबत राहिला. घाई नाही, जोर नाही. थोड्या वेळानं गुडगुड आवाज झाला आणि आतडं आत गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखणं थांबलं म्हणून आलं, आणि त्याचा हात इतका चांगला निघाला म्हणूनही आलं.

"आता शहर-बिहर काही नाही," सुलभा म्हणाली. "उद्या सकाळी. तुमच्याच थिएटरात, आणि करणार सिद्धार्थ."

मी मान हलवली. हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं विचारून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी स्वतःच्या टेबलावर आडवा झालो.

माझ्या थिएटरातला दिवा जुना, स्टीलच्या घुमटाचा. टेबलावर झोपल्यावर कळलं की त्या घुमटात खालचं सगळं दिसतं. इतकी वर्षं माझे पेशंट वर बघत पडून राहायचे ते का, हे त्या दिवशी समजलं. सुलभा डोक्याशी बसून माझी नाडी आणि मॉनिटर बघत होती. सिद्धार्थनं सुई टोचत टोचत जागा बधिर केली आणि चीर घेतली.

सुरुवातीला मजेत होतो. आतून बघायची सवय असलेल्याला ही बाजू नवखी. मागच्या दारानं येणाऱ्या माणसाला समोरच्या खोल्या सापडू नयेत तसं त्याचं झालं. प्रत्येक थराला थांबायचा.

"सर, हा उघडू?"

"उघड. पण हळू. लगेच खाली पांढऱ्या दोऱ्यासारखी नस आहे. ती जपून बाजूला घे. जाळीत अडकली तर जन्मभर दुखतंय म्हणून तुझ्या दारात येऊन बसेन."

"ही का, सर?"

"तीच. अंबडमध्ये तिची माझ्याइतकी ओळख कोणाला नाही."

सुलभा उठून उभी राहिली आणि वाकून बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझं ऑपरेशन समोरून बघत होती, आणि ते दुसराच करत होता.

मग सिद्धार्थचे प्रश्न कमी होत गेले. हर्नियाची पिशवी मोकळी करून आत ढकलताना एक विचारला. जाळी कापताना विचारलाच नाही. मी घुमटात बघत होतो. टाके सारख्या अंतरावर पडत होते, जाळी कुठे ताणलेली नाही, कुठे सैल नाही. हात बसला होता. मला जो हात बसवायला तरुणपणाची कितीतरी वर्षं लागली, तो त्यानं माझ्याच जांघेत एका सकाळी बसवला. मी दोनदा तोंड उघडलं, पण सांगण्यासारखी चूक सापडेना.

या ऑपरेशनात शेवटी एक परीक्षा असते. पेशंट जागा असतो, म्हणून चीर बंद करण्याआधी त्याला खोकायला लावायचं. खोकताना पोटातून जोर येतो, आणि काम कच्चं असेल तर जाळीच्या कडेनं फुगवटा दिसतो. झोपवलेल्या पेशंटची ही परीक्षा घेता येत नाही.

"सर, खोका," सिद्धार्थ म्हणाला.

मी घुमटात डोळे लावले आणि जीव खाऊन खोकलो. मनात एकच होतं: दिसू दे. कडेला इतकासा का होईना, फुगवटा दिसू दे. पोट माझं, आतडं माझं, फुगवटा आला असता तर भोगायचं मलाच होतं, तरी मला तो हवा होता.

काही हललं नाही.

"परत खोकतो," मी म्हणालो.

"अहो, बास! हृदयाचं बघा," सुलभा ओरडली.

मी परत खोकलो. पहिल्यापेक्षा जोरात. जाळी होती तशीच होती.

"बराबर आहे ना, सर?"

टेबलावर आडवा पडलेला असलो तरी परीक्षक मीच होतो. "बराबर आहे," मी म्हणालो. "बंद कर." त्यानं चीर शिवली. सुलभानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि त्याला म्हणाली, "छान केलंस रे." मी डोळे मिटून घेतले.

टाके काढून झाले तरी मी काही दिवस घरीच होतो. एका सकाळी सुलभा लगबगीनं पोळी खात होती, बॅग दाराशी तयार.

"कुठे?"

"सिद्धार्थकडे. जांबचे एक आजोबा आहेत. हर्निया आहे, छाती फार खराब. जागेवरची भूल द्यायची."

माझा फोन टेबलावर समोरच होता. वाजलेला नव्हता.

"त्याला म्हणावं, ती नस..."

"माहीत आहे त्याला," सुलभा म्हणाली आणि बॅग उचलून गेली.

फाटकाचा आवाज थांबेपर्यंत मी बसून राहिलो. मग उभा राहिलो, जांघेवर हात ठेवला आणि छाती भरून खोकलो. हाताला काही लागलं नाही. काम पक्कं होतं.